शेपटाने हात करायचा नाही

ही गोष्ट ज्याला थाप वाटेल, त्याने आमच्या घरी यावं आणि दाजींच्या डाव्या नडगीवरून बोट फिरवावं. आत सळई आहे. कातडीखालून हाताला लागते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लेथ मशीनवर टर्नर आहेत. वीस वर्षं लोखंड कातलेला माणूस, केसाएवढा फरक बोटाने ओळखतो. असा माणूस थापा मारत नाही. आणि मारल्याच, तर स्वतःला कमीपणा आणणाऱ्या कशाला मारेल?

ती रात्र नव्हती. अमावास्या वगैरे काही नव्हती. मंगळवार होता आणि दुपारचे पावणेतीन वाजले होते. डांबर चपलेला चिकटेल असं ऊन होतं. भुतं रात्रीच निघतात असं ज्याने सांगितलं, तो भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर कधी अडकला नसणार.

चौघे जण, चार मोटारसायकली. पाच दिवसांची सहल, त्यातला तिसरा दिवस. सगळ्यात पुढे दाजी. त्यांच्या मागे वायरमन, दाजींचा लंगोटीयार. तोंडाने फाटका, मनाने सोनं. मग चित्रकलेचे मास्तर. आणि चौथा दाजींचा धाकटा भाऊ.

धाकट्याचं थोडं सांगायला हवं. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. ताई तेव्हा नुकतीच लग्न होऊन त्या घरात गेली होती. तिने दिराला पोरासारखा वाढवला. आता सव्वीस वर्षांचा घोडा झालाय, पण जेवायला बसला की ताई अजून त्याच्या ताटाकडे बघत बसते.

निघताना ती दारातच दाजींना म्हणाली होती, "अहो, गाडी मोडली तरी चालेल. पण त्याला नेताय तसा परत आणा. नाहीतर मला तोंड दाखवू नका."

दाजी हसले होते. "अगं, तो मला सांभाळायला येतोय," असं काहीतरी बोलले होते.

आता यांच्या खुणांविषयी. गाडीवर बोलता येत नाही. हेल्मेट, वारा, इंजिन. म्हणून या मंडळींनी खुणा ठरवल्या होत्या. उजवा हात कायम अ‍ॅक्सिलरेटरवर, त्यामुळे हाताची खूण डाव्याच हाताने. रस्त्यावर खड्डा असेल तर त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा. थांबायचं असेल तर मूठ वर. आणि एखादं वाहन ओलांडून गेल्यावर पुढे रस्ता मोकळा असेल, तर हात मागून पुढे ढकलायचा. म्हणजे... ये पुढे.

पुढच्याने केलेली खूण मागच्याने बघायची आणि तशीच त्याच्या मागच्याला द्यायची. दाजींना दिसलेला खड्डा असा चौथ्या गाडीपर्यंत पोचतो.

सगळ्यात मागच्या गाडीला हे लोक शेपूट म्हणतात. आणि शेपटाला एक वेगळा नियम आहे.

शेपटाने खूण करायची नाही.

मागे आपलं कुणी नसतं. एखादा अनोळखी गाडीवाला तो हात बघायचा आणि भलत्या वेळी पुढे घुसायचा. एवढंच कारण. साधा शहाणपणाचा नियम.

दोन दिवस शेपूट मास्तर होते. मंगळवारी चहाला थांबले तेव्हा वायरमनला दिसलं, मास्तरांच्या गाडीचा मागचा दिवा गेलाय.

"मास्तर, तुमची बत्ती गुल. शेपटाला दिवा पाहिजे. नाहीतर मागून कुणीतरी तुमचंच चित्र काढेल रस्त्यावर."

"तुझ्याकडे बल्ब आहे का ते सांग. नुसती जीभ आहे."

बल्ब नव्हता. धाकट्याची गाडी नवी कोरी होती. दाजी म्हणाले, "तू हो शेपूट." तो खूश झाला. त्याला वाटलं, बढती मिळाली.

शेपटाने खूण करायची नाही, हे त्याला कुणीच सांगितलं नाही. दाजी विसरले. चहा पिऊन, हेल्मेटं चढवून सगळे निघाले आणि विसरलंय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

हमरस्ता सोडून त्यांनी आडवाट धरली होती. कालव्याच्या कडेने जाणारा एकेरी डांबरी रस्ता. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली रिकामी रानं. वीस-बावीस किलोमीटर वळण म्हणून नाही. सावलीला झाडही नाही.

दाजींनी खड्डा बघून पाय बाहेर काढला. आरशात पाहिलं. वायरमनचा पाय बाहेर आला. मग मास्तरांचा.

मग धाकट्याचाही.

दाजींना हसू आलं. मागे चिटपाखरू नाही आणि हा गडी कुणाला खड्डा दाखवतोय? पुढच्या थांब्याला सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

थोड्या वेळाने पुढे एक ट्रॅक्टर लागला. दाजी त्याला ओलांडून गेले. रस्ता मोकळा होता, त्यांनी हात केला. ये पुढे. वायरमन आला, त्याने हात केला. मास्तर आले, त्यांनी केला. धाकटा आला.

आणि त्यानेही आपला हात मागे नेला... आणि रिकाम्या रस्त्याला खूण केली.

ये पुढे.

दाजी सांगतात, त्यानंतर पहिल्यांदा बदलला तो ट्रॅक्टर. आरशात त्यांना दिसलं, ट्रॅक्टरवाला चालत्या गाडीवर उभा राहिला. मान वळवून मागे बघत होता. मग त्याने स्टिअरिंग एकदम फिरवलं आणि ट्रॅक्टर सरळ रानात घातला. ढेकळांतून उड्या मारत तो लांब लांब जात राहिला.

रस्त्यापासून लांब.

दाजींना वाटलं, त्याचंच रान असेल.

मग आवाज आला.

इंजिनाचा नाही. चार इंजिनांच्या घरघरीत मिसळून जाईल असा तो आवाजच नव्हता.

थप्... थप्... थप्... थप्...

अनवाणी माणूस फरशीवरून धावतो ना, तसा. ओल्या तळव्यांचा.

काटा साठवर होता.

दाजींनी आरशात पाहिलं. तीन दिवे होते. शेवटचा दिवा हलायला लागला होता. डावीकडे, उजवीकडे. धाकटा पुन्हा पुन्हा मान वळवून मागे बघत होता.

मग त्याचं डोकं खाडकन एका बाजूला गेलं. कुणीतरी कानशिलात भडकवावी तसं.

पुन्हा एकदा.

पुन्हा.

दाजींनी मूठ वर केली. थांबा! वायरमनने ब्रेक लावला, मास्तरांनीही लावला. पण धाकटा थांबला नाही. उलट त्याने गाडी पिळली. पळून जाणारा माणूस पिळतो तशी. मास्तरांच्या डावीकडून, मातीतून, तो सणकन पुढे निघाला.

मास्तर दाजींकडेच बघत होते. मागून काय येतंय ते त्यांना कळलंच नाही.

मास्तर गाडीवरून उचलले गेले. पडले नाहीत, उचलले गेले. हातभर वर... आणि मग तोंडावर डांबरात आपटले. एकदा आपटून ते थांबलं नाही. डोकं धरून आपटावं तसे ते पुन्हा वर झाले आणि पुन्हा खाली. नंतर त्यांचं हेल्मेट दहा-बारा पावलांवर सापडलं. गळ्याखालचा पट्टा तसाच लावलेला होता. बक्कल बंद. पट्टा न सोडता हेल्मेट डोक्यातून कसं निघालं, ते मास्तरांच्या फाटलेल्या हनुवटीलाच माहीत.

वायरमन शिव्या देत गाडीवरून उतरत होता. मित्राकडे धावायचं एवढंच त्याच्या डोक्यात. तो दोन पावलं गेला असेल.

थप् थप् थप्...

तो पालथा पडला. त्याची गाडी आपोआप रस्ता ओलांडून कालव्यात गेली. त्याचे समोरचे चार दात रस्त्यावर राहिले. आणि त्याच्या पांढऱ्या जॅकेटवर, पाठीच्या बरोबर मधोमध... तळव्याचा ठसा होता.

टाच, चवडा, पाच बोटं. लाल.

रक्त वायरमनचं नव्हतं. मास्तरांचं होतं.

दाजींची गाडी अजून चालूच होती. हे सगळं त्यांनी वीतभर आरशात बघितलं. थांबून मित्रांकडे वळावं, की भावाकडे? असा विचार करायलाही वेळ मिळाला नाही, कारण धाकटा त्यांच्या डावीकडून बरोबरीला आला.

दोन गाड्या शेजारी शेजारी. मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट.

त्या फटीत कुणी नव्हतं.

आणि त्या फटीतूनच धाकट्याच्या डोक्यावर मार बसत होता. दाजींच्या डोळ्यांदेखत हेल्मेटला पोचा पडला. मग दुसरा. काच तडकली. हेल्मेटच्या आतून रक्त गळ्यावर आलं. धाकट्याचा उजवा हात हँडलवरून सुटला, कोपरातून उलटा वळला, आणि हाड मोडल्याचा आवाज दाजींना इंजिनाच्या वर ऐकू आला. सुकं लाकूड मोडल्यासारखा.

"दादा! हा जात नाही रे! पुढे जात नाही! दादा..."

सव्वीस वर्षांचा घोडा. सहा वर्षांच्या पोरासारखा रडत होता.

दाजी भित्रे नाहीत. त्यांनी डावा पाय उचलला आणि त्या फटीत सगळ्या जोराने लाथ घातली. लाथ लागली. कशाला तरी लागली. भट्टीतून काढलेल्या लोखंडासारखं गरम काहीतरी होतं, आणि ते श्वास घेत होतं. पुढच्या क्षणी त्याने पाय पकडला. नडगी दोन ठिकाणी मोडली. दाजी ओरडले, पण हँडल सोडलं नाही.

आणि तेव्हा त्यांना कळलं.

त्याला कुणीतरी पुढे बोलावलं होतं. आणि हे सगळे त्याच्या वाटेत होते.

समोर, शे-दोनशे पावलांवर, एक पिकअप चालली होती. मागे पत्रे लादलेले. बिचारी आपल्या चालीने जात होती.

पिकअप दिसली होती बरं का. दाजी हे आवर्जून सांगतात. "दिसली नव्हती असं मी म्हणू शकलो असतो. पण मला दिसली होती."

त्यांनी आपली गाडी उजवीकडे, अगदी कालव्याच्या काठापर्यंत घेतली. मधला रस्ता मोकळा केला. आणि डावा हात मागून पुढे ढकलला.

ये पुढे.

मार थांबला.

थप्... थप्... थप्... आवाज दोघांच्या मधून गेला. उन्हातला एक तापलेला झोत नडगीला चाटून गेला. मग आवाज पुढे... पुढे.

पिकअपवाल्याने आरशात बघितलं असणार. कारण त्याने गाडी डावीकडे घेतली. खिडकीतून हात काढून, जा बाबा, अशी खूणही केली. चांगला माणूस. लोकांना बाजू देणारा.

मग त्याने आरशात पुन्हा बघितलं असेल. मागून येणारं कुणीच नाही.

पिकअप हळूहळू परत रस्त्याच्या मध्यावर आली.

दाजींचं बोट हॉर्नच्या बटणावर होतं. हॉर्न वाजवला असता तर तो पुन्हा बाजूला झाला असता. नक्की झाला असता. पण हॉर्न ऐकून ते मागे वळलं तर? शेजारी धाकटा हुंदके देत, वेग मरत चाललेली गाडी एकट्या डाव्या हाताने सावरत होता.

दाजींनी बटण दाबलं नाही.

पिकअपचं टप खाली दबलं. एकदा... दोनदा. वरून कुणी नाचत असल्यासारखं. मग गाडी आडवी झाली आणि मागचे पत्रे, सगळेच्या सगळे, केबिनच्या काचेतून पुढे घुसले.

मग शांत. थप् थप् लांब गेलं. ऐकू यायचं बंद झालं.

धाकटा रस्त्याच्या कडेला कोसळला. श्वास चालू होता. दाजींना गिअर टाकता येईना, डावा पायच कामाचा राहिला नव्हता. गाडी गचके खाऊन बंद पडली. ते खाली पडले आणि कोपरांवर सरपटत पिकअपपर्यंत गेले.

चालक जिवंत होता. चाळिशीचा असेल. पत्रा त्याच्या पोटाच्या वर, बरगड्यांखाली घुसला होता. एक हात तेवढा मोकळा होता. दाजींनी तो हात धरला.

त्याने दाजींकडे बघितलं आणि ओळखलं. आरशात बघितलेला माणूस.

"तुम्ही हात केलात ना?" तो म्हणाला. "म्हणून... बाजू दिली मी. कुणीच आलं नाही. म्हणून परत मध्ये घेतली."

दाजींनी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"कोण येणार होतं हो?"

एवढंच. मग हात जड झाला.

पोलीस आले, पंचनामा झाला. पिकअपचा तोल गेला, मागून येणाऱ्या मोटारसायकली त्या गडबडीत घसरल्या, असं कागदावर आलं. कोण आधी पडलं, कोण नंतर, ते कुणी नीट विचारलं नाही. टपावरचे दोन खड्डे पत्र्यांमुळे पडले म्हणे. पत्रे पुढे गेले आणि खड्डे वरून पडले, पण तेही कुणी विचारलं नाही. वायरमनचं जॅकेट इस्पितळात कापून काढलं, ते पुन्हा मिळालं नाही. मास्तरांचा जबडा तारांनी बांधला. ते आता बोलतात, पण या विषयावर नाही. ट्रॅक्टरवाला कोण होता, ते शोधूनही सापडलं नाही.

धाकटा वाचला. हात वाकडा जुळला, पण वाचला. ताईने त्याला दारात बघितलं आणि दाजींच्या गळ्यात पडून रडली. चारचौघांसमोर. तिने असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. दाजी कुबड्यांवर ताठ उभे होते. त्यांना रडताही येईना.

हे सगळं त्यांनी मला आत्ता, चार महिन्यांनी सांगितलं. का सांगितलं, तेच खरं सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस आला. तिशीचा, अंगाने किरकोळ. मी तिथेच होतो, एक बुश, म्हणजे लोखंडी कडं, कातून घ्यायला गेलो होतो. तो दाजींसमोर उभा राहिला आणि हात जोडले.

"पिकअपवाला माझा थोरला भाऊ. तुमचा पत्ता पोलिसांकडून घेतला. यायला उशीर झाला, माफ करा."

दाजींनी लेथ बंद केली.

"तुमचा पाय मोडला होता, तरी सरपटत गेलात म्हणे त्याच्याजवळ. आजकाल धडधाकट माणूस थांबत नाही हो. आईला एवढंच समाधान आहे, की तो एकटा नव्हता." तो थोडा घुटमळला. "शेवटी काही बोलला का तो?"

लेथ बंद झाल्यावर वर्कशॉप किती शांत होतं, ते मला तेव्हा कळलं.

"पाणी मागितलं," दाजी म्हणाले.

"दिलंत?"

"दिलं."

त्याने डोळे पुसले. मग वाकून दाजींच्या पायांना हात लावला. दाजी "नको, नको" म्हणत राहिले.

निघताना त्याने नंबर लिहून दिला. "काही माल न्यायचा असला तर सांगा. पिकअप दुरुस्त करून घेतली, आता मीच चालवतो. तुमचं काम असेल तर पहिलं. रस्ताही तोच, कालव्याचा. जवळ पडतो."

दाजींनी तोंड उघडलं. मी बघितलं, उघडलं. ओठ हलले.

"सावकाश जा," ते म्हणाले.

तो गेल्यावर दाजी स्टुलावर बसले आणि मला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. मी ऐकून घेतलं आणि मग चिडलो. खरंच चिडलो.

"अहो दाजी, मग त्याला सांगायचं ना! त्या रस्त्याने जाऊ नको म्हणून. कुणाला बाजू दिलीस तर परत मध्ये येऊ नको म्हणून!"

"का, असं त्याने विचारलं असतं."

"मग सांगायचं!"

"त्याच्या भावाला मी मारला, इथून सुरुवात करावी लागली असती," दाजी म्हणाले. मग तो नंबरचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. "तू सांग. तुझा काही संबंध नाही. तुला जमेल."

मला वाटलं, जमेल. त्यात काय!

चार दिवस मी टाळलं. कसं सुरू करायचं, तेच सुचेना. खोटं सांगावं तर तो ऐकणार नाही, खरं सांगावं तर दाजी अडकतात. शेवटी आज दुपारी मन घट्ट केलं आणि फोन लावला.

रिंग गेली. पूर्ण वाजली. उचलला नाही.

परत लावला. वाजत राहिला.

गाडी चालवत असेल. दोन्ही हात स्टिअरिंगवर असतील. आता त्याला पुन्हा फोन लावायलाही माझा हात होत नाही... मी लावलेला फोन घ्यायला तो वाकला, आणि तेवढ्यात त्याने आरशात बघितलं नाही तर?

पावणेतीन वाजून गेलेत. मी फोन समोर ठेवून बसलोय.